सगळ्यांचं दहा आलं होतं

मी रसायनशास्त्र शिकवतो. खगोलशास्त्र माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या मीरा रोडच्या कॉलेजात फिजिक्सच्या दोन जागा कित्येक वर्षं रिकाम्या आहेत. विद्यापीठाने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एक जोडकोर्स सुरू करायला सांगितला, तेव्हा यादीतला ‘खगोलशास्त्राची ओळख’ कोणीच घेईना. मिटिंगमध्ये प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सर, तुम्ही शांत असता. तुम्ही घ्या.” शांत माणसाला आकाश द्यावं असं त्यांना का वाटलं, हे मी विचारलं नाही. मी फारसं काही विचारत नाही. नोकरीची पंचवीस वर्षं अशीच गेली. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, अशी माझी कॉलेजात ओळख आहे, आणि ती चांगली ओळख आहे असं मलाही वाटायचं.

त्या कोर्सला पहिल्या वर्षी बत्तीस मुलं आली. त्यात एक मुलगी उत्तनची होती. वडिलांची होडी, आई मासे विकायची, घर चर्चच्या मागच्या गल्लीत. उत्तनहून बसने भाईंदर पश्चिमेला, तिथून रूळ ओलांडून पूर्वेला, मग शेअर रिक्षा, असं करत ती सकाळच्या लेक्चरला यायची आणि तरी वेळेवर यायची. तिचं एक वर्ष मी खाल्लं. एकच नाही, चार. हे आजवर मी घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता लिहितोय.

आधी गच्चीवरची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दुर्बीण घ्यायला कॉलेजकडे पैसे नव्हते. मी रंगाच्या रिकाम्या बादलीत रेती भरली, त्यात एक सरळ काठी रोवली आणि जानेवारीतल्या एका दुपारी मुलांना गच्चीवर नेलं. प्रयोग साधा. दर पाच मिनिटांनी काठीच्या सावलीचं टोक खडूने खूण करून मोजायचं. सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा आपल्या गावची खरी दुपार. बारा वाजता सुरू करून सव्वा वाजेपर्यंत खुणा करायच्या होत्या.

बारा दहालाच सगळी पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली. एकाने तर तिथूनच विचारलं, “सर, नून मतलब बाराच ना? मोबाइलमध्ये पण बारा लिहिलंय.” वह्या आल्या तेव्हा एकतीस जणांचं उत्तर बारा होतं. काहींनी मधल्या सावल्यांचे आकडेही लिहिले होते, व्यवस्थित उतरत्या आणि चढत्या क्रमाने, न बघता.

ही मुलगी डोक्यावर ओढणी घेऊन सव्वा वाजेपर्यंत बादलीजवळ उभी होती. तिने लिहिलं होतं: ‘सगळ्यात छोटी सावली १२.५० आणि १२.५५ च्या मध्ये. नक्की सांगता येत नाही. पण १२.०० ला नव्हती.’

बरोबर होतं. आपलं घड्याळ देशाच्या पूर्वेकडच्या एका रेषेवर लावलेलं असतं, आपण त्या रेषेपासून बरेच पश्चिमेला. सूर्य आपल्या डोक्यावर यायला उशीर होतो, आणि जानेवारीत जरा जास्तच होतो. मी तिची वही वर्गात वाचून दाखवली. म्हणालो, “पुस्तक चुकेल, घड्याळ चुकेल, शेजारचा चुकेल. जे दिसलं ते लिहायचं.” हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे दोनतीन सेमिनारमध्ये मी ते वापरलं.

मुलांनी तिचं नाव ‘बारा पन्नास’ पाडलं. “ए बारा पन्नास, लेक्चर किती वाजता सुटणार गं?” तीही कमी नव्हती. म्हणायची, “तुझ्या घड्याळात की सूर्याच्या?”

पुढे दोन महिन्यांत लॉकडाउनमुळे कॉलेज बंद झालं आणि मधली दीड-दोन वर्षं बंदच राहिलं. त्या काळात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स आम्ही कशी घेतली ते सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. मी इंद्रलोक भागातल्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ब्युरेटचा स्टँड मांडून व्हिडिओ काढायचो. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली लांब काचेची नळी, खाली तोटी. तिच्यातून अल्कलीचं द्रावण थेंबथेंब खालच्या फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये सोडायचं. ज्या थेंबाला फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी होऊन तसंच राहतं, तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे रीडिंग. मुलं ग्रुपवर लिहायची, “सर, रीडिंग पाठवा ना.” मी पाठवायचो. १०.०, १०.०, १०.०. सगळ्या जर्नलमध्ये तेच उतरायचं आणि मी खाली सही करायचो. दुसरा इलाज नव्हता. पण सवय लागली, त्यांनाही आणि मलाही.

तशी ती प्रथा बंदच्या आधीपासून होती. आमच्या लॅबमध्ये एक अटेंडंट आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. परीक्षेच्या दिवशी मुलं बाटल्या घ्यायला त्यांच्याकडे जातात आणि हळूच विचारतात, “मामा, किती येतंय?” मामा बाटली पुसत पुसत म्हणतात, “दहाच्या आसपास ठेवा.” मामांना वेगळं काही माहीत असण्याची गरज नसते, आम्ही वर्षानुवर्षं द्रावणं अशाच ताकदीची करतो की दहा यावं. मग मुलं एकदा करून बघतात, कधी तेही करत नाहीत, आणि ९.९, १०.०, १०.० असं लिहून मोकळी होतात. परीक्षकाला हे माहीत असतं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला तर नक्कीच, त्याच्या कॉलेजात दुसरे मामा असतात. फक्त शेजारशेजारच्या टेबलांवर सगळे आकडे हुबेहूब सारखे नकोत, एवढी शिस्त पाळायची. एकदा एकाने दहा वेळा दहा लिहिलं तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, “अरे, जरा तरी लाज ठेव, एखादा नऊ-नऊ घाल.” सगळी लॅब हसली होती. मीही.

कॉलेज उघडलं तेव्हा ही मुलं थेट तिसऱ्या वर्षाला होती आणि अर्ध्यांना ब्युरेट धरता येत नव्हतं. ती मात्र शनिवारी येऊन बसायची. “सर, मला एकदा सगळे प्रयोग करून बघायचेत. व्हिडिओत तुमचा हातच मध्ये येत होता.” मामा कुरकुर करत लॅब उघडून द्यायचे. तिने तोवर एक प्रवेशपरीक्षा दिली होती, लांबच्या एका विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.ची. तारा कशाचा बनलाय ते त्याच्या प्रकाशावरून ओळखायचं असतं, म्हणून तिथे केमिस्ट्रीवाल्यांनाही घेतात, हे तिनेच मला सांगितलं. त्या परीक्षेत ती पास झाली. जागा मिळाली. अट एवढीच की बी.एस्सी. पास झाल्याची मार्कशीट ठरलेल्या तारखेच्या आत द्यायची.

परीक्षेचं ॲसिड मी स्वतः केलं. लॅब असिस्टंटची जागाही रिकामीच आहे. हे ऑक्झॅलिक ॲसिड, पांढरे स्फटिक. त्या स्फटिकांच्या पोटात पाणी असतं, आणि वजन करताना ते पाणी धरून करावं लागतं. लिटरला सहा पॉइंट तीन ग्रॅम. बिनपाण्याचं असेल तर साडेचार. हे मी शेकडो मुलांना शिकवलंय. त्या दिवशी कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइली चालू होत्या, ऑफिसमधून फोनवर फोन येत होते, एका नोटिशीच्या पाठीमागे मी हिशेब केला आणि बिनपाण्याचा आकडा धरला. साडेचार. नंतर एकदा स्वतः करून बघायचं असतं, रीडिंग किती येतं ते. परीक्षकाच्या चिठ्ठीवर तो आकडा लिहायचा असतो. मी करून न बघता लिहिला: १०.०.

परीक्षा मंगळवारी होती. चोवीस मुलं.

साधारण तासाभराने तिने हात वर केला. मी गेलो.

“सर, माझं सात पॉइंट एक येतंय. चारदा केलं.”

“पिपेट नीट भरलंस का?”

“हो सर. धुऊन परत भरलं.”

“परत कर.”

ती परत करू लागली. मी तिथेच उभा राहिलो. सातवर आल्यावर तिने तोटी अगदी बंद करत आणली, एकेक थेंब, आणि एका थेंबाला फ्लास्क फिकट गुलाबी झाला. शिंपल्याच्या आतल्या बाजूला असतो ना, तितका फिका. असा शेवट पकडायला हात लागतो. मी मान वर केली. बाकीच्या टेबलांवर जे फ्लास्क होते ते सगळे राणी कलरचे होते, साडीसारखे गडद. सात उलटून गेल्यावरही दहापर्यंत ओतत राहिलं की तसाच रंग येणार. तेवीस फ्लास्क समोर होते, उजेडात, खिडकीजवळ. मी ते बघितले. हे मला नीट आठवतं, मी ते बघितले. आणि मी तिला म्हणालो, “सगळ्यांचं दहा येतंय. तुझं एकटीचं सात कसं येईल?”

ती म्हणाली, “मग काय लिहू सर?”

“तुझं तू बघ.”

“तुम्हीच सांगितलेलं ना, दिसलं ते लिहायचं.”

तेवढ्यात बाहेरचे परीक्षक आले. चांगले गृहस्थ, निवृत्तीला आलेले, दुपारच्या जेवणाआधी संपवायचं या घाईतले. त्यांनी तिचा कागद बघितला आणि तोंडी परीक्षेतच विचारलं, “सात? काय गं, अर्धं द्रावण प्यायलीस की काय?” आजूबाजूला हसू आलं. ती म्हणाली, “सर, तुम्ही एकदा करून बघा ना.” हे त्यांना आवडलं नाही. तोंडीला त्यांनी दोन मार्क दिले. रीडिंग मर्यादेच्या बाहेर होतं म्हणून त्याचे मी शून्य लिहिले. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं. तीन मार्कांनी ती नापास झाली. मार्कांच्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि ते जेवून गेले.

पाच वाजता मामांनी विचारलं, “सर, ही ॲसिडची बाटली ठेवू की ओतू?”

ठेवा म्हणालो. ते चहाला गेल्यावर मी एकटाच एका टेबलाशी उभा राहिलो, ब्युरेट भरलं आणि केलं. सात पॉइंट एक. परत केलं. सात पॉइंट एक. खिशात ती नोटीस अजून होती. उलटी करून बघितली, साडेचार.

मार्क विद्यापीठाकडे शुक्रवारी जायचे होते. तीन दिवस होते. एक फोन त्या परीक्षकांना, त्यांनी परत येऊन कागदावर दुसरी सही करायची, बस. पण त्या फोनवर मी काय सांगणार होतो? द्रावण चुकलं असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग बाकी तेवीस जणांचं दहा कसं आलं? म्हणजे तेवीस जणांनी आकडे बनवलेत. म्हणजे परीक्षा रद्द, चौकशी, मामांचं नाव, त्या परीक्षकांचं आणि माझंही. बढतीची माझी मुलाखत पुढच्या महिन्यात होती. नुसते तिचे मार्क वाढवायचे म्हटले तरी कारण द्यावं लागणार. बुधवारी मी मनाशी म्हणालो, उद्या फोन करतो. गुरुवारीही तेच. शुक्रवारी सकाळी बेसिनमध्ये ॲसिड ओतलं, नळ सोडला, नोटीस फाडली आणि मार्क पाठवले. हे सगळं कोणाच्या दबावाखाली नाही, कोणी विचारलंही नाही. मी दमलो होतो, एवढंच कारण मला सापडतं, आणि ते कारण नाही.

निकाल लागल्यावर ती आईला घेऊन स्टाफरूममध्ये आली. प्रात्यक्षिकाची फेरतपासणी होत नाही, पण आईला वाटलं भेटून बघावं. आई माझ्यासमोर उभीच राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही.

“सर, पोर खोटं न्हाय बोलत. ती बोलते माझं बरोबर हाय.”

मी म्हणालो, “नियम आहे. पुढच्या सत्रात परत बसता येईल.”

“तिकडं ॲडमिशन जाईल ना सर.”

“माझ्या हातात काही नाही.”

ही वाक्यं मी बोललो. आई तिच्याकडे वळून म्हणाली, “बघ. बघ आता.” आणि दोघी गेल्या. बढती मला मिळाली.

सहा महिन्यांनी परत बसून ती पास झाली. ॲडमिशन केव्हाच गेली होती. मग पेणकरपाड्याच्या बाजूला औषधांच्या एका कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये लागली, हे दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. मला बरं वाटलं. नोकरी लागली ना, मग झालं तर, असं मी स्वतःला सांगितलं. जोडकोर्सचा आता दोन क्रेडिटचा रीतसर विषय झालाय, तो अजून माझ्याकडेच आहे. सावलीचा प्रयोग मात्र मी काढून टाकला. उन्हाचा त्रास होतो असं कारण दिलं.

यंदा एका दुपारी लॅबमध्ये मी जर्नल तपासत होतो आणि ती दारात उभी होती. चेहरा जरा भरलाय, चष्मा आलाय.

“सर, ओळखलं का?”

“ये.”

तिला परत अर्ज करायचा होता, त्याच एम.एस्सी.ला. प्रवेशपरीक्षा परत दिली होती, परत पास झाली होती. आता एका शिक्षकाचं पत्र हवं होतं, आणि खगोलशास्त्र शिकवलेला तिचा शिक्षक जगात मीच.

“आणि सर, एक रकाना आहे. कुठे नापास झाला असाल तर कारण लिहा. मी लिहिलंय, तुम्ही बघता का? इंग्लिश बरोबर आहे ना?” तिने मोबाइल पुढे केला. लिहिलं होतं की माझ्या प्रयोगकौशल्यात त्या वेळी कमतरता होती, नोकरीत मी ती सुधारली आहे.

मी वाचून मोबाइल परत दिला. म्हणालो, “हे असं का लिहिलंस?”

“मग काय लिहू? चुकलंच ना माझं.” ती हसली. “कंपनीत मला ‘फोर टाइम’ म्हणतात सर. सगळे दोनदा करतात, मी चारदा. सुपरवायजर ओरडतो, सॅम्पल संपवते म्हणून. पण मला हाताचा भरवसाच नाही वाटत. त्या दिवसापासून.”

एवढी वर्षं मी समजत होतो की तिला तरी माहीत आहे आपलं बरोबर होतं. राग असेल, पण माहीत असेल. तिला माहीत नव्हतं. तेही मी घेतलं होतं.

“तुझं बरोबर होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“द्रावण मी चुकीचं केलं होतं. तुझं सात पॉइंट एक बरोबर होतं.”

ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली, मग केमिस्टसारखंच विचारलं, “ऑक्झॅलिक होतं ना? साडेचार घेतलेलं तुम्ही? पाणी धरलं नाही?”

“हो.”

ओठांतल्या ओठांत तिने भागाकार केला. “सात पॉइंट एक चार.” मग माझ्याकडे बघून, “कधी कळलं?”

“त्याच दिवशी. पाच वाजता.”

“मार्क कधी पाठवलेत?”

“शुक्रवारी.”

“परीक्षा मंगळवारी होती सर.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी कोणाला हाका मारत होतं. तिने स्टुलावरची बॅग उचलली, खाली ठेवली, परत उचलली. रडली नाही. मला वाटतं तिने रडावं असं मला हवं होतं, म्हणजे मला काहीतरी करता आलं असतं.

“मला सांगून काय होणार?” ती म्हणाली. “मम्मीला सांगा. रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर घरी असते. आणि पत्र लिहा, पण चांगली मुलगी आहे वगैरे नको. हे लिहा.”

रविवारी मी उत्तनला गेलो. बसने. घरी बायकोला शनिवारी रात्री जेवताना सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही तेव्हा जेवत नव्हतात ते पोटामुळे नव्हतं.” एवढंच.

गल्लीत जाळी वाळत टाकली होती. आई पायरीवर बसून होती, चर्चचे कपडे बदलून झाले होते. मुलगी दाराच्या आत उभी राहिली, बाहेर आली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. ॲसिड, स्फटिक, वजन, असलं काही नाही. म्हणालो, “त्या परीक्षेत चूक माझी होती. तुमच्या मुलीचं बरोबर होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कॉलेजात आलात तेव्हाही मला माहीत होतं.”

आईने सगळं ऐकून घेतलं.

“मी हिला मारलं सर त्या दिवशी,” ती म्हणाली. “घरी आल्यावर. एवढी मोठी पोर. बोलले, मोबाइलवर बसतीस, पोरांशी बोलतीस, म्हणून नापास झालीस. हिचा बापूस बोलला, न्हाय, ही खोटं न्हाय बोलत. मी बोलले, मग काय सर खोटं बोलतील?”

आतून मुलगी म्हणाली, “मम्मी, बस ना आता.”

“काय बस? बोलू दे.” आई उठली. “चार वर्सं लागली तुमाला इकडं यायला? बस तर रोज हाय.”

मी माफी मागितली. तिने ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारतात, तेही विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं. मी निघालो तेव्हा म्हणाली, “सर, हे कागदावर लिवून द्या. हिला द्या नि कॉलेजात पण द्या. इथं बोलून जाल नि तिथं परत गप बसाल.”

“देतो.”

“कधी?” हे मुलीने विचारलं.

माझ्या तोंडात ‘या आठवड्यात’ आलं होतं. मी ते गिळलं. “उद्या.”

पत्र मी रात्री न लिहिता पहाटे लिहिलं, कारण रात्री लिहिलं असतं तर त्यात माझंच दुःख जास्त आलं असतं. एक पान झालं. मी काय वजन घेतलं, किती घ्यायला हवं होतं, तिचं रीडिंग, माझं रीडिंग, मला कळल्याची वेळ, मार्क पाठवल्याचा दिवस. बाकीच्या मुलांचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर बनवले गेले आणि ते मी चालवून घेतलं, हेही. मामांचं नाव नाही घातलं. आकडा मामांनी सांगितला तरी चालवला मी. एक प्रत तिला पाठवली, तिच्या अर्जासाठी. तासाभराने तिचा मेसेज आला, एकच ओळ: ‘तिसऱ्या ओळीत तारीख राहिलीये.’ मी घातली.

दुसरी प्रत घेऊन प्रिन्सिपल मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचली, चष्मा काढला, परत घातला.

“सर, हे आता कशाला? मुलगी पास झाली ना नंतर? बाकीची मुलं नोकऱ्या करतायत. ते परीक्षक रिटायर झाले. तुमची पेन्शन राहिलीये अजून.”

“हो मॅडम.”

“मग? ती तक्रार करणार आहे का?”

“नाही. मी करतोय.”

“तुम्ही स्वतःची?” त्या जरा हसल्या, थकलेल्या माणसासारख्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या टेबलावर अशा किती गोष्टी मी स्वतः गप्प बसून जाऊ दिल्यात. “ठेवून जा माझ्याकडे. मी बघते.”

ठेवून जा म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी म्हणालो, “मॅडम, मी खाली ऑफिसात नोंद करून, आवक नंबर घेऊन मग ठेवतो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कागद पुढे सरकवला. “घ्या.”

ऑफिसात फीच्या रांगेतली दहाबारा मुलं उभी होती, दोन कारकून, एक शिपाई, पंखा. आवकच्या टेबलावरच्या बाईंनी रजिस्टर ओढलं, नंबर टाकला, तारीख टाकली. आम्ही रोज एकमेकांना नमस्कार करतो, पंधरा वर्षं झाली. त्यांनी पेन विषयाच्या रकान्यावर ठेवलं.

“विषय काय लिहू सर? रजा आहे का?”

“नाही. प्रात्यक्षिक परीक्षेतील चूक.”

रांगेतल्या एकदोन मुलांनी मान वळवली. माझ्याच वर्गातली होती.

बाईंनी तेवढं लिहिलं. मग पेन थांबलं. “कोणाची? विद्यार्थ्याचं नाव टाकावं लागतं.”

“विद्यार्थ्याची नाही,” मी म्हणालो. “माझी. माझं नाव टाका.”